तरसाचा पंचनामा

शासकीय सेवेत असताना आम्ही पुष्कळ पंचनामे पाहिले. घटना रात्री घडते, पंच सकाळी येतात आणि जागेवर जसे दिसेल तसे लिहून घेतात. आफ्रिकेतील ठिपकेदार तरसाविषयी कित्येक पिढ्या असाच सकाळचा पंचनामा ग्राह्य धरला गेला. निवृत्तीनंतर टांझानियातील न्गोरोंगोरोच्या विवरात कॅमेरा घेऊन जाण्याचा योग आला. त्या निमित्ताने या प्राण्याच्या छायाचित्रणाचा जो इतिहास वाचनात आला, तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आपल्या वाडवडिलांना ठाऊक असलेला तरस तो पट्टेरी. तो बुजरा, बहुधा एकटा हिंडणारा आणि मुख्यतः मेलेल्या जनावरांवर जगणारा. त्याच्यावरून आफ्रिकेतील भाऊबंदाची कल्पना केली तर फसगत होते. ठिपकेदार तरस कळप करून राहतो, कळपात मादीचा अधिकार चालतो आणि धावताना तो ताशी ६० किलोमीटरचा वेग गाठू शकतो. त्याचे ते प्रसिद्ध ‘हसणे’ही आनंदाचे नव्हे, हुसकले किंवा चावले जात असता काढलेला तो आवाज असतो.

रात्रीच्या तरसाला प्रथम प्रकाशात आणणाऱ्यांपैकी एक म्हणजे कार्ल गेओर्ग शिलिंग्स हे जर्मन शिकारी. किलिमांजारोच्या परिसरात ते आमिष म्हणून जनावर बांधून ठेवीत. जवळ आलेल्या श्वापदाचा दोरीला धक्का लागला की भुकटीचा लख्ख उजेड पडे व चित्र उमटे. ही छायाचित्रे १९०५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि युरोप चकित झाला. परंतु आमिषावर आलेला तरस हा आमंत्रित पाहुणा. तो स्वतःचे पोट कसा भरतो, हे त्या चित्रांतून कळण्याजोगे नव्हते.

ते उमगण्यास १९६०चे दशक उजाडावे लागले. हान्स क्रूक या डच प्राणिशास्त्रज्ञाने सेरेंगेटी व न्गोरोंगोरो येथे चांदण्या रात्री गाडीत बसून तरसांचा माग काढला. सकाळी सिंह शिकार खात आहेत व तरस भोवती ताटकळत आहेत, हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे होते. क्रूक यांनी त्याआधीची रात्र पाहिली. झेब्रा अथवा विल्डबीस्ट तरसांनीच मारलेला असे. त्यांचा गलका ऐकून सिंह येत आणि शिकार बळकावीत. याच्या उलटही घडते; मात्र विवरात चोर कोण आणि धनी कोण, याचा निकाल पुष्कळदा फिरला. क्रूक यांचा ग्रंथ १९७२ साली निघाला. त्याआधी दोन वर्षे जेन गुडॉल व छायाचित्रकार ह्यूगो व्हान लाविक यांच्या पुस्तकाने तरसांचे कौटुंबिक जीवन वाचकांसमोर आणले होते.

गाडीत बसून, अंतर राखून वाट पाहणे ही क्रूक यांची अभ्यासाची रीत. आजच्या छायाचित्रकाराच्या सुरक्षिततेचाही तोच पाया आहे. विवरात नेमून दिलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरता येत नाही, रस्ता सोडता येत नाही आणि सायंकाळी बाहेर पडावेच लागते. भिंग लांब पल्ल्याचे असावे, खिडकीवर धान्याची छोटी पिशवी ठेवून त्यावर ते टेकवावे, इंजिन बंद करावे, हात बाहेर काढू नये. बिळापाशी पिल्ले असल्यास आई व बीळ यांच्यामध्ये गाडी आणू नये. मुक्कामी तंबू नीट बंद करावा. खाद्यपदार्थच काय, चामड्याचे जोडेही बाहेर ठेवू नयेत. उघड्यावर झोपलेल्या माणसांवर तरसांनी हल्ले केलेले आहेत. तरसाची बदनामी खोडून काढताना त्याचे सामर्थ्य विसरणे हाही अन्यायच, आणि तो अंगाशी येणारा.

आम्ही विवरात उतरलो त्या सकाळी दोन सिंहिणी झेब्रा खात होत्या आणि काही अंतरावर सात तरस बसले होते. आम्ही घाईने चित्र टिपले. ‘सिंहांची शिकार, तरसांची आशा’ असे नावही मनात योजून टाकले. चालकाने दुर्बीण आमच्या हाती दिली आणि तरसांच्या मानेकडे पाहा, असे सुचविले. चार तरसांच्या तोंडावर व मानेवर वाळलेले रक्त होते.

नोकरीत इतरांच्या घाईच्या अहवालांवर आम्ही शेरे मारले होते; येथे आमचाच अहवाल चुकत होता. घरी आल्यावर त्या छायाचित्रामागे एवढेच लिहिले: ‘न्गोरोंगोरो, सकाळ. सिंहिणी खात आहेत. तरस बसले आहेत. चौघांना रक्त लागलेले. रात्री काय घडले ते आम्ही पाहिलेले नाही.’