जुन्या पिकअपची समोरील काच धुरकटते तेव्हा : डीफ्रॉस्टरमधील दोष कसा शोधावा

बेळगावहून भाजीपाला भरून पहाटे चोर्ला किंवा अनमोड घाट उतरणाऱ्या पिकअप गाड्यांना पावसाळ्यात धुके, निसरडा रस्ता आणि आतून धुरकटणारी काच अशा तिहेरी अडचणीला तोंड द्यावे लागते. यांपैकी तिसरी अडचण बहुधा दुरुस्त करता येण्याजोगी असते. मात्र दोष नेमका कोठे आहे हे न पाहता सुटे भाग बदलत गेल्यास खर्च वाढतो आणि काच पूर्ववत धुरकटत राहते.

यंत्रणेचे कार्य

चालक व सहप्रवाशांचा श्वास, भिजलेले कपडे आणि ओली गोणपाटे यांमुळे केबिनमधील हवा दमट होते. ती पावसाने थंड झालेल्या काचेला लागली की तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब काचेवर जमतात. डीफ्रॉस्टर यावर दोन मार्गांनी उपाय करतो. इंजिनातील गरम कूलंट डॅशबोर्डमागील हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून फिरते, ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो आणि ती गरम हवा काचेलगतच्या फटींतून बाहेर पडून काच तापवते. वातानुकूलन असलेल्या गाडीत हवेतील ओल आधीच गाळली जाते. त्यामुळे एसी आणि हीटर एकत्र चालवल्यास काच सर्वांत लवकर स्वच्छ होते. अनेक जुन्या पिकअपमध्ये हीटर मुळातच नसतो, केवळ ब्लोअर असतो. म्हणून प्रथम आपल्या गाडीत काय आहे हे पाहून घ्यावे.

धूसरपणा आत की बाहेर?

वायपर फिरवताच काच स्वच्छ झाली, तर बाष्प बाहेरून जमलेले आहे. एसीने काच अतिथंड झाल्यास असे होते. अशा वेळी एसीचा थंडावा कमी करावा आणि काचेवर सोडलेला थंड झोत बंद करावा. वायपरने फरक पडत नसेल, तर मात्र पुढील तपासणी आवश्यक ठरते.

हवाच येत नसल्यास

आरंभ फ्यूजपासून करावा. फ्यूज जळला असेल तर तितक्याच अँपिअरचा बसवावा. त्या जागी जाड तार जोडणे म्हणजे वायरिंगला आग लागण्यास निमंत्रण होय. नवा फ्यूजही जळाल्यास मोटर जाम आहे किंवा वायरिंगमध्ये शॉर्ट आहे असे समजावे. फ्यूज ठीक असूनही ब्लोअर फिरत नसेल, तर मोटरच्या प्लगवर टेस्टर लावावा. तेथे वीजपुरवठा व अर्थ दोन्ही व्यवस्थित मिळत असतील, तर दोष मोटरचा आहे. पुरवठा पोहोचतच नसेल तर स्विच, रिले आणि वायरिंग तपासावे. ब्लोअर केवळ शेवटच्या, सर्वाधिक वेगावर चालत असेल, तर बहुधा रेझिस्टर निकामी झालेला असतो. शेवटच्या वेगाला वीज त्याला वगळून थेट मोटरकडे जाते. अशा वेळी संपूर्ण ब्लोअर बदलण्याची गरज नसते.

हवा पायांकडे येते, काचेकडे नाही

जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवरील खटका केबलद्वारे आतील झडप फिरवतो. केबलची क्लिप निसटली वा तुटली की खटका सैल फिरतो आणि झडप जागीच राहते. काचेलगतच्या फटींत साचलेला कचरा, कागद व पावत्या यांमुळेही झोत अडतो.

हवा येते, पण गार

इंजिन गार असताना कूलंटची पातळी पाहावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. त्यानंतर १० ते १५ मिनिटे गाडी चालवावी, हीटरचा खटका पूर्ण गरमवर ठेवावा आणि इंजिन बंद करून हीटरकडे जाणारे दोन्ही रबरी पाइप जपून चाचपावेत. दोन्ही चांगले गरम असूनही हवा गार असेल, तर गरम-थंड हवा मिसळणारी झडप अडकली आहे. एक गरम व दुसरा गार असेल, तर हीटरचा रेडिएटर तुंबला आहे किंवा त्याचा व्हॉल्व्ह बंद आहे. दोन्ही कोमट असतील, तर कूलंट कमी आहे किंवा थर्मोस्टॅट उघडाच राहिला आहे. इंजिन तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची काही गॅरेजांतील रीत येथे नडते. गळती थांबवण्यासाठी हीटरचे पाइप परस्पर जोडून टाकलेले आहेत का, हेही पाहावे. जुनी गाडी विकत घेतलेल्यांनी तर अवश्य पाहावे.

गरम हवेनेही काच धुरकटते

ही लक्षणे दुर्लक्षू नयेत. काचेवर तेलकट थर, केबिनमध्ये गोडसर वास आणि पायांखाली चिकट ओल आढळल्यास हीटरच्या रेडिएटरमधून कूलंट गळत आहे. कूलंट विषारी असते, शिवाय त्याची पातळी खालावल्यास इंजिन अतितप्त होते. गोडसर वास नसेल पण गालिचा ओला असेल, तर दारांचे रबर, समोरच्या काचेचे रबर, वायपरखालील पाणी वाहून जाण्याची भोके आणि एसीच्या पाण्याची नळी तपासावी. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत ही भोके पाल्याने हमखास तुंबतात. तसेच आतलीच हवा फिरवणारी झडप अडकून राहिली असेल, तर ओल केबिनमध्येच कोंडून राहते. काच साफ करताना हवा नेहमी बाहेरून घ्यावी.

वाटेत दोष उद्भवल्यास

दोन्ही खिडक्या थोड्या उघडाव्यात, वेग कमी करावा आणि वळण टाळून रुंद जागी गाडी थांबवून काच कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसावी. हाताने पुसल्यास तेलकट डाग राहतात आणि समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश त्यांवर पसरतो. काच स्वच्छ होईपर्यंत घाटात पुढे जाऊ नये. ओली गोणपाटे व ताडपत्री केबिनमध्ये न ठेवणे आणि पावसाळ्यापूर्वी काच आतून धुऊन तिच्यावरील धूळ व चिकटपणा काढणे, हे दोन बिनखर्ची उपाय निम्मे काम करतात.