हवेच्या स्प्रिंगवर उभा राहिलेला खर्ज

१९५० च्या सुमारास अमेरिकेत खर्जाचा शौक महागात पडे, आणि जागाही खाई. पॉल क्लिप्श यांचा १९४६ सालचा क्लिप्शहॉर्न हा लाउडस्पीकर तर घराच्या कोपऱ्यात बसवण्यासाठीच घडवलेला, कपाटाएवढा. पेटी लहान केली की खर्ज गेलाच, असं सगळे धरून चालत.

संशोधक एडगर विल्चर यांनी बोट ठेवलं ते स्पीकरच्या हलणाऱ्या शंकूच्या टांगणीवर. कडेचं सराउंड आणि मागचा स्पायडर ही शंकूची स्प्रिंग. थोड्या हालचालीत ती नीट वागते. खर्जात शंकू लांबवर मागेपुढे जाऊ लागला की ती आवळते आणि आवाज फाटतो. त्यात लहान बंद पेटीतली हवाही स्प्रिंगसारखी ढकलते, म्हणून शंकूचा अनुनाद, म्हणजे तो आपसूक ज्या कंपनसंख्येला डोलतो ती, वर सरकतो आणि खालचा खर्ज विरतो. विल्चर यांनी हिशेबच उलटा मांडला. टांगणी इतकी सैल ठेवायची, की शंकूला जागेवर आणण्याचं मुख्य काम हवेनेच करावं. हवा या कामात कापडापेक्षा कितीतरी भरवशाची. पहिल्या नमुन्याचं सराउंड त्यांनी पत्नी रोझमेरी यांच्या मदतीने गादीच्या खोळीच्या कापडातून बनवलं.

विद्यार्थी हेन्री क्लॉस यांच्यासोबत त्यांनी १९५४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला ‘अकूस्टिक रिसर्च’ काढली. तिचा एआर-१ स्पीकर पुस्तकांच्या फळीवर मावे. किंमत मोजली ती कार्यक्षमतेने: जड शंकू हलवायला ॲम्प्लिफायर दणकट लागे.

टांगणी आणि पेटीचं हे नातं आकड्यांत बांधलं ऑस्ट्रेलियात. नेव्हिल थील यांचा १९६१ चा निबंध आणि रिचर्ड स्मॉल यांचं सत्तरच्या दशकातलं काम यांतून टांगणीचा मऊपणा चक्क लिटरमध्ये मोजला जाऊ लागला: तेवढाच मऊपणा असलेली हवा किती? समजा हा आकडा १५० लिटर आहे आणि उघड्यावरचा अनुनाद २० हर्ट्‌झ. १५० लिटरच्या बंद पेटीत तो सुमारे २८ वर जातो, ५० लिटरच्या पेटीत थेट ४० वर. करवत हातात घेण्याआधीच पेटीचं भविष्य कळू लागलं, ही केवढी मोठी सोय!

अकूस्टिक रिसर्चच्या पुढच्या काळातल्या एआर-३ए मध्ये फोमचं सराउंड आलं, आणि काही वर्षांनी ते कुजून गळून पडू लागलं. दुरुस्ती करणारे आजही नवा फोम निवडताना मऊपणाच आधी पाहतात. तो ताठर निघाला, तर पेटी तीच असूनही अनुनाद वर चढतो.