पाकिटातली नटी

आगपेट्यांवरची चित्रे जमवण्याचा नाद आपल्यापैकी पुष्कळांना लहानपणी होता. आजची हकीकत तशाच एका चित्राची आहे. मुलूख मात्र अमेरिकेचा, आणि काळ १८८० नंतरचा.

तेव्हा सिगारेटी मऊ कागदी पाकिटात मिळत आणि खिशात चुरगळत. म्हणून कारखानदार पाकिटात पुठ्ठ्याचा तुकडा घालू लागले. जेमतेम दीड इंच रुंद, पावणेतीन इंच लांब. तो कोरा कशाला ठेवायचा? त्यावर चित्रे आली. पक्षी आले, खेळाडू आले, राजेरजवाडे आले. पण मोठा भरणा नाटकातल्या नट्यांच्या छबींचा. पन्नास-पन्नास चित्रांचे संच असत. एकोणपन्नास हाती आली, की पन्नासाव्यासाठी गडी आणखी पाकिटे घेणारच!

एवढा खटाटोप कशासाठी? १८८४ साल ध्यानात ठेवा. त्या साली डरहॅम गावी जेम्स ड्यूक या कारखानदाराने बॉन्सॅक नावाच्या तरुणाचे यंत्र चालू केले. हाताने वळणारा कसबी कामगार दिवसाला फार तर तीन हजार सिगारेटी वळी. यंत्र दहा तासांत एक लाख वीस हजार वळू लागले. माल उदंड झाला आणि ओढणारे थोडे! तेव्हा गिऱ्हाईकच तयार करणे आले. १८८९ साली ड्यूकने जाहिरातीवर सुमारे आठ लाख डॉलर खर्चले.

त्याच १८८४ साली ड्यूकचा एक विक्रेता, एडवर्ड स्मॉल, अटलांटा शहरात होता. मादाम रेआ या नामांकित नटीला त्याने जाहिरातीसाठी विचारले. ती हो म्हणाली, आणि हाती सिगारेटचे पाकीट घेतलेली तिची छबी झळकली. त्याने विचारले, हे मात्र विसरू नका.

कारण विचारलेच पाहिजे, असे कायदा म्हणत नव्हता. सारोनी नावाच्या छायाचित्रकाराने ऑस्कर वाइल्ड या लेखकाचा फोटो काढला होता. एका छापखान्याने त्याच्या ८५ हजार प्रती परस्पर काढल्या. भांडण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि पुन्हा तेच १८८४ साल! न्यायालय म्हणाले, हक्क फोटो काढणाराचा. ज्याचा चेहरा, तो त्या वादात पक्षकारच नव्हता. बड्या नट्या फोटोला बसण्याचे पैसे आधीच ठरवून घेत. पण मागे रांगेत नाचणाऱ्या पोरीने काय ठरवावे?

बरे, बदनामी पदरी पडे ती बाईच्याच. १८९४ साली खुद्द ड्यूकच्या म्हाताऱ्या बापाने, वॉशिंग्टन ड्यूक यांनी, मुलाला पत्र लिहिले, की असली चित्रे पाकिटात घालू नकोस, तरुण मुले बिघडतात. म्हातारा धर्मभीरू, कळकळही खरी. पण त्याचा रोख चित्रावर होता. जिचे चित्र, तिला काय वाटत असेल, हा प्रश्न तिथे नव्हता.

तो प्रश्न एका नटीनेच काढला. १८९० साली न्यूयॉर्कमध्ये मॅरियन मॅनोला रंगभूमीवर तंग पोशाखात असताना तिच्या मनाविरुद्ध फोटो काढला गेला. ती कोर्टात गेली आणि मनाईहुकूम मिळवला. कायदा व्हायला मात्र वेळ लागला. एका तरुणीचा फोटो न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापला गेला. १९०२ साली कोर्टाने तिला विन्मुख पाठवले, तेव्हा लोक खवळले. १९०३ साली न्यूयॉर्क राज्याने ठरवले, की धंद्यासाठी कुणाचा चेहरा वापरायचा तर लेखी संमती हवी.

ती चित्रे पुढे जेफरसन बर्डिक या कारखान्यातल्या कामगाराने जमवली. संधिवाताने बोटे आखडलेली, तरी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात बसून १९४७ ते १९६३ तो एकेक चित्र वह्यांत चिकटवत राहिला. त्याच्या संग्रहात तीन लाखांवर नग आहेत. प्रत्येक संचाला त्याने क्रमांक दिला. कंपनीचे नाव बहुधा चित्रावरच असते. कित्येक नट्यांची नावे मात्र त्यालाही लिहिता आली नाहीत.