गुडघा कुणाचा? कबड्डीतल्या रोजंदारीचा इतिहास

गुडघ्याच्या दुखापतींवर मागे लिहिलं होतं, तेव्हा ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या बऱ्याच पालकांनी विचारलं, "डॉक्टर, मुलगा मंडळाकडून कबड्डी खेळतो. आता त्यात पैसाही आहे म्हणतात. खेळू द्यावं का?" याचं उत्तर नुसत्या एमआरआयच्या फिल्मवर सापडत नाही, त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो. तेव्हा आज औषधं कमी आणि इतिहास जास्त.

इंग्रजीत 'जर्नीमॅन' असा एक शब्द आहे. उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीत तो फार ऐकू येतो. आज या शहराच्या संघात, पुढच्या वर्षी दुसऱ्याच, नाव मोठं नाही पण संघाला हवाच असतो, असा खेळाडू. ऐकणाऱ्याला वाटतं की हा शब्द प्रवासावरून आला असेल. तसं नाही. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'दिवसभराचं काम'. म्हणजे दिवसाच्या मजुरीवर काम करणारा कारागीर, आपल्या भाषेत रोजंदारीवरचा. आपल्याकडे बर्फ नाही, पण असा खेळाडू आहे, आणि तो मॅटवर खेळतो.

आता कबड्डीचा इतिहास, भराभर. हुतूतूला नियमांत बसवण्याचं काम गेल्या शतकाच्या सुरुवातीला पुणे, सातारा आणि बडोद्याच्या मंडळींनी केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे प्रात्यक्षिक दाखवलं. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला, १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत खेळाचा समावेश झाला. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात हे तुम्हाला माहीत असेलच. हे सगळं शाळेच्या स्मरणिकेत असतं. स्मरणिकेत नसतो तो प्रश्न असा की इतकी वर्षं खेळाडूच्या घरची चूल कशावर पेटत होती?

ती पेटत होती नोकरीवर. लालबाग-परळच्या चाळींत व्यायामशाळा आणि क्रीडा मंडळं होती आणि खेळणारी पोरं गिरणी कामगारांच्या घरची होती. चांगला खेळला की त्याला रेल्वे, पोलीस, बँक, पोर्ट ट्रस्ट, एअर इंडिया किंवा एखादी मोठी कंपनी आपल्या संघात घ्यायची, म्हणजे नोकरीवर घ्यायची. पगार खेळाचा नव्हता, खुर्चीचा होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचं जग हललं. पुढच्या काळात अनेक कुटुंबं मध्य रेल्वेच्या मार्गाने ठाण्याच्या पलीकडे सरकली. सोबत मंडळं, मातीची मैदानं आणि रात्रीचे सामनेही आले. कल्याण-डोंबिवलीत कबड्डी इतकी खोल का रुजली याचं एक कारण मला तरी हेच वाटतं.

डॉक्टर म्हणून मला या जुन्या व्यवस्थेतली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. गुडघा गेला तरी नोकरी जात नव्हती. संघातून नाव जायचं, पण पहिल्या तारखेला पगार यायचा, रजा मिळायची, निवृत्तीनंतर काहीतरी हाती असायचं. फार श्रीमंती नव्हती. पण दुखापत बरी व्हायला जो वेळ लागतो, तो वेळ कुणीतरी विकत घेऊन ठेवलेला होता.

२६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी लीग सुरू झाली. आठ संघ, टीव्हीवर सामने, खेळाडूंचा लिलाव. पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारला पाटणा संघाने १२ लाख ८० हजारांना घेतलं होतं. २०१८ मध्ये मोनू गोयत १ कोटी ५१ लाखांवर गेला आणि २०२२ मध्ये पवन सेहरावत २ कोटी २६ लाखांवर. २०१७ मध्ये संघ बारा झाले, तेव्हा हंगाम तीन महिन्यांचा होता आणि सामने १३८. पैसा वाढला ही चांगलीच गोष्ट आहे. कबड्डीपटूला कोणी मोलाचं समजलं याचा मला आनंदच आहे.

पण कोटीवाले मोजके. आपल्या भागातलाच एक खेळाडू घेऊ, कल्याणचा गिरीश इरनाक. डावा कोपरारक्षक. म्हणजे चढाईपटू आत आला की त्याच्या घोट्यावर झेप टाकायची, पाय धरायचा आणि वरून येणारं सगळं वजन सहन करायचं. टीव्हीवर चढाईपटू दिसतो, पण सामना बऱ्याचदा कोपऱ्यात जिंकला जातो. गिरीश पाटण्याकडून खेळला, बंगालकडून खेळला, मग २०१७ पासून तीन हंगाम पुणेरी पलटणमध्ये, त्यातल्या २०१८ च्या हंगामात कर्णधार म्हणून. नंतर गुजरात, परत बंगाल, मग यू मुंबा. मधल्या काळात जकार्ताच्या आशियाई स्पर्धेच्या भारतीय संघात त्याची निवड झाली. १९९० पासून सलग सात सुवर्णपदकं घेणारा भारत तिथे उपांत्य फेरीत इराणकडून १८-२७ असा हरला. गिरीशच्या वाट्याला कांस्यपदक आलं. कांस्यपदकाचा खेळाडू म्हणून आपल्या गावात किती बॅनर लागले असते, जर तो क्रिकेटपटू असता, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो.

संघांची ही यादी पुन्हा एकदा वाचा. कोलकाता, पुणे, अहमदाबाद, मुंबई. हीच ती रोजंदारी. संघ बदलणं हा अपमान नाही, उलट इतकी वर्षं कोणाला ना कोणाला तुम्ही हवे आहात, याचा तो पुरावा आहे. मात्र लिलावाच्या यादीत नाव घालताना तुमच्या गुडघ्याचं, खांद्याचं आणि वयाचं मोल नव्याने ठरतं. २०२३ च्या लिलावात सर्वांत खालच्या गटाची मूळ किंमत ९ लाख रुपये होती. रक्कम वाईट नाही, पण ती एका हंगामाची. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये सातवा हंगाम संपला आणि कोविडमुळे आठवा सुरू झाला तो थेट २०२१ च्या डिसेंबरमध्ये. ज्याच्याकडे नोकरी नव्हती त्याने ती दोन वर्षं कशी काढली असतील, याचा विचार करा.

आता शरीराकडे येऊ, कारण खरा पेच इथे आहे.

गुडघ्याच्या आत दोन बंध एकमेकांना छेद देऊन जातात. त्यातला पुढचा तो एसीएल. पाय जमिनीवर रोवलेला, शरीर मात्र वळलेलं, अशा वेळी तो तुटतो. कबड्डीत हे दर चढाईत घडू शकतं. मातीत पाय थोडा घसरतो, मॅटवर बुटांची पकड घट्ट बसते आणि पिळाचा जोर थेट गुडघ्यावर येतो. 'टक्' असा आवाज, काही तासांत सूज, आणि नंतर चालताना गुडघा दगा देतोय अशी भावना. ही तीन लक्षणं असतील तर तेल लावून रगडू नका. बर्फ लावा, भार देऊ नका आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

शस्त्रक्रियेत स्वतःच्याच शरीरातला स्नायुबंध काढून त्या जागी बसवतात. पण एक गोष्ट लोकांना कळत नाही. बसवलेला बंध पहिले काही आठवडे आणखी कमकुवत होतो, कारण शरीर त्यात नव्या रक्तवाहिन्या घालून तो हळूहळू नव्याने विणतं. तिसऱ्या महिन्यात दुखणं थांबतं, मुलगा म्हणतो "मी फिट आहे", आणि नेमका तेव्हाच तो बंध खेळायच्या ताकदीचा नसतो. साधारण नऊ महिन्यांच्या आत मैदानावर उतरणाऱ्यांमध्ये पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त दिसलं आहे. केवळ महिने मोजूनही चालत नाही, दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी झाली आहे का, हे तपासावं लागतं.

नऊ महिने. आणि हंगाम त्याहून कितीतरी छोटा. हंगामाच्या मध्यावर गुडघा गेलेला खेळाडू पुढच्या लिलावाच्या वेळी जेमतेम पळायला लागलेला असतो. गुडघ्याला वेळ द्यावा तर लिलाव जातो, लिलाव पकडावा तर गुडघा जातो. २०२२ मध्ये २ कोटी २६ लाखांचा पवन सेहरावत पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून पूर्ण हंगामाला मुकला. पुढच्या वर्षी तो परतला, त्याची किंमत वाढून २ कोटी ६० लाखांच्या वर गेली आणि हांगझोऊमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्ण परत मिळवलं. छान झालं. पण त्याची वाट पाहायला लोक तयार होते. ९ लाखांच्या खेळाडूची वाट कोण पाहतं? म्हणून तो दुखणं लपवतो, वेदनाशामक गोळ्या घेऊन खेळतो, खांदा निखळला तर स्वतःच बसवून घेतो. यात त्याचा मूर्खपणा नाही, हिशेब आहे. त्या गोळ्यांनी दुखापत बरी होत नाही, ती फक्त कळवायची थांबते. पोट आणि मूत्रपिंडावर होणारा परिणाम वेगळाच.

तीच गोष्ट वजनाची. पुरुषांच्या गटाला ८५ किलोची मर्यादा असते. स्पर्धेच्या आदल्या दोन दिवसांत पाणी तोडून, घाम काढून तीन-चार किलो उतरवणारी मुलं माझ्या दवाखान्यात पेटके आणि चक्कर घेऊन येतात. ते वजन चरबीचं नसतं, पाण्याचं असतं, आणि कोरडा पडलेला स्नायू ऐन पकडीत फाटतो. वजन आठवड्याला अर्धा किलो या वेगाने, महिनाभर आधीपासून उतरवा.

जुन्या कबड्डीचे तीन प्रकार होते, संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत बाद झालेला गडी समोरचा बाद झाला की परत येतो. गामिनीत तो बाहेरच बसतो, संपूर्ण संघ बाद होईपर्यंत. आज आपण नियमांनी संजीवनी खेळतो, करार मात्र गामिनीचे आहेत, असं मला कधीकधी वाटतं.

तर पालकहो, खेळू द्या का? जरूर द्या. त्याच्याबरोबर बारावी, आयटीआय किंवा पदवी पूर्ण होऊ द्या. खेळाडूंच्या राखीव जागेतून रेल्वे, पोलीस किंवा बँकेची नोकरी मिळत असेल तर लीगच्या आकड्यांकडे पाहून ती सोडू नका, आणि करार झालाच तर त्यात दुखापतीचा खर्च कोण करणार, किती महिने करणार, मधला पगार मिळणार का, हे सहीच्या आधी वाचा. वैद्यकीय विमा घेताना व्यावसायिक खेळातली दुखापत वगळलेली आहे का तेही पाहा. बऱ्याच पॉलिसींत ती वगळलेली असते. मंडळाच्या प्रशिक्षकांनाही विनंती आहे की सरावाआधी पंधरा मिनिटं उडी मारून नीट उतरणं, एका पायावर तोल आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम करून घ्या. याला पैसे लागत नाहीत, मॅटही लागत नाही. पुढच्या लेखात हे व्यायाम चित्रांसह देतो.