सत्तेचाळिसाव्या वर्षी उजव्या खुर्चीत

बाजारपेठेतल्या एका कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर गेली काही वर्षं बसणारा माणूस तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. खत, कापसाचं बियाणं, फवारणीचे पंप. हिशोब तोंडी करायचा, उधारी मात्र नीट लिहून ठेवायचा. हा माणूस प्रवासी विमानाचा कॅप्टन होता, हे फार थोड्यांना माहीत आहे. वडिलांचं दुकान होतं, त्याची कंपनी बंद पडली, तो परत आला. नाव लिहीत नाही, कंपनीचंही लिहीत नाही. तो आता सत्तेचाळीस वर्षांचा आहे आणि मागच्या महिन्यात पुन्हा विमानाच्या नोकरीवर रुजू झालाय. कॅप्टन म्हणून नाही. शेजारच्या खुर्चीतला, म्हणजे फर्स्ट ऑफिसर म्हणून.

आधी स्वतःची चूक सांगतो. त्याची कंपनी बंद झाली तेव्हा मी ती बातमी एजन्सीच्या कॉपीवरून दोन कॉलम लावली होती. आपल्याच गावातला एक पायलट तिथे आहे हे मला ठाऊक होतं, पण फोन केला नाही. पायलट म्हणजे लाखांत पगार, त्याचं काय एवढं, असं डोक्यात होतं. खरं तर आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात असतं.

म्हणून थोडा इतिहास.

१९५३ साली सरकारने विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. देशांतर्गत वाहतूक करणाऱ्या आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली आणि परदेशी मार्ग एअर इंडियाकडे राहिले. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं पायलट म्हणजे सरकारी नोकरी. भांडणं व्हायची, संप व्हायचे. १९९२ च्या डिसेंबरात इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी संप केला, तेव्हा सरकारने परदेशातून विमानं भाड्याने आणली. त्यातलं उझबेकिस्तानचं एक विमान जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीला धुक्यात उतरताना उलटलं. नशिबाने सगळे प्रवासी वाचले. पण एवढं सगळं होऊनही एखाद्या पायलटची कंपनीच उद्या सकाळी नसेल, अशी वेळ तेव्हा येत नव्हती.

नव्वदीत आभाळ खासगी कंपन्यांना मोकळं झालं. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, एनईपीसी. आज ही नावं तरुण पोरांना सांगितली तर कपड्याच्या दुकानांची वाटतील. ९० चं दशक संपायच्या आत या चारही बंद झाल्या. टिकली ती जेट एअरवेज. ५ मे १९९३ ला तिचं पहिलं उड्डाण झालं. मग २००५ मध्ये किंगफिशर आली, थाटामाटात. २०१२ च्या ऑक्टोबरात तिचा परवाना स्थगित झाला, तोवर कर्मचाऱ्यांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते.

जेटच्या बाबतीत दोन प्रसंग आठवतात. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने ८०० जणांना काढलं, आणखी ११०० जणांना काढायची तयारी होती. त्यात बहुतेक केबिन क्रूची पोरं-पोरी. ती गणवेशात रस्त्यावर आली आणि राज ठाकरेंकडे गेली. दोन दिवसांत नरेश गोयल यांनी सगळ्यांना परत घेतलं. पुढच्या वर्षी सप्टेंबरात युनियन काढली म्हणून दोन वैमानिकांना काढलं, तर शेकडो वैमानिक एकाच दिवशी आजारी पडले. पाचेक दिवस विमानं जमिनीवर. तेव्हा वर्तमानपत्रांनी, त्यात मीही आलो, वैमानिकांनाच झोडपलं. प्रवाशांचे हाल दिसत होते. दहा वर्षांनी त्यांचे काय हाल होणार आहेत, ते कुणाला दिसत नव्हतं.

१७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेटचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईकडे उडालं. त्यानंतर पुनरुज्जीवनाच्या बातम्या पाच वर्षं चालल्या. जून २०२१ मध्ये लवादाने नवीन मालकांची योजना मंजूर केली, मे २०२२ मध्ये उड्डाणाचा परवानाही परत मिळाला. उडालं मात्र काही नाही. ७ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. मध्ये मे २०२३ मध्ये गो फर्स्टही बसली.

आता मुद्द्याची गोष्ट, जी मला आमच्या कॅप्टनने दुकानात खताच्या पोत्यावर बसून समजावली. वकील दहा वर्षं घरी बसला तरी वकील राहतो. पायलटचं तसं नसतं. प्रवासी घेऊन उडायचं तर मागच्या नव्वद दिवसांत किमान तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग झालेली पाहिजेत, हा जगभरचा नियम. मेडिकल ठरावीक मुदतीनंतर पुन्हा करावं लागतं. उपकरणांच्या आधारे उडवण्याची परीक्षा पुन्हा. आणि लायसन्सवर विमानाची जात लिहिलेली असते. बोइंग ७३७ चालवणारा उद्या एअरबस ३२० चालवू शकत नाही, त्यासाठी वेगळं शिक्षण, सिम्युलेटरचे तास, वेगळा खर्च.

जेटचा मोठा ताफा ७३७ चा. २०१९ मध्ये तेच विमान चालवणारी दुसरी मोठी कंपनी म्हणजे स्पाइसजेट. तिने बरेच वैमानिक घेतले, पण तिची स्वतःची ७३७ मॅक्स विमानं त्याच वर्षी मार्चमध्ये, इथिओपियाच्या अपघातानंतर, जगभरच्या बंदीत अडकलेली. वाढत होती ती इंडिगो, आणि तिच्याकडे एअरबस. म्हणजे हजारो तास उडालेला माणूस जाहिरात वाचतो आणि त्याच्याकडे नेमकी तीच जात नसते. जे तरुण होते, हातात पैसे होते, ते लगेच वळले. काही आखाती देशांत गेले. ज्यांच्या डोक्यावर घराचं कर्ज, आईबाप म्हातारे, ते थांबले. आणि थांबले तेवढ्यात २०२० आलं. २५ मार्चपासून दोन महिने देशातलं एकही प्रवासी विमान उडालं नाही, आणि नियमित आंतरराष्ट्रीय सेवा सुरू व्हायला मार्च २०२२ उजाडला. त्या काळात नोकरीवर असलेल्यांचेच पगार कापले जात होते, बाहेरच्याला कोण विचारणार?

वयाचं गणित तर वेगळंच. पूर्वी जगभर प्रवासी वैमानिकाची मर्यादा साठ होती. नोव्हेंबर २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ती पासष्ट केली. अमेरिकेने डिसेंबर २००७ मध्ये कायदा करून तेच केलं, पण त्यात एक मेख होती. ज्यांची साठी त्याआधीच उलटली होती त्यांना जुनी ज्येष्ठता परत मिळणार नव्हती. यायचं तर नवीन भरती म्हणून, यादीच्या तळाशी. तीस वर्षं जंबो चालवलेल्या माणसाने रांगेत पुन्हा शेवटी उभं राहायचं. (आपले जेआरडी १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी कराचीहून मुंबईला एकटे उडत आले होते. पण ते छोटं विमान होतं आणि मागे तिकीट काढलेले प्रवासी नव्हते.)

आमच्या कॅप्टनला पहिली दोन वर्षं वाटत होतं की कंपनी परत सुरू होईल. हे त्याचं सगळ्यात महागात पडलेलं वाटणं. दर दोन-तीन महिन्यांनी एक बातमी यायची आणि तो आणखी थोडा थांबायचा. सांगताना म्हणाला, "पेपरवाल्यांनी फार आशा लावली रे." मी काही बोललो नाही. त्यातल्या निदान चार बातम्या मी लावल्या असतील.

मग त्याने दुकान धरलं. मेडिकल मात्र कधी चुकवलं नाही. शेवटपर्यंत. मोसंबीच्या बागेला काय फवारायचं ते सांगायचा आणि रक्तातली साखर वाढू नये म्हणून चहा बिनसाखरेचा प्यायचा, एवढंच आम्हाला दिसायचं. घरच्यांनाही वाटायचं, कशाला तो खर्च.

देशात २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, तेव्हा तो पुन्हा अर्ज करायला लागला. नवीन जातीच्या शिक्षणासाठी किती भरले ते लिहीत नाही. आपल्याकडे त्या पैशात दोनेक एकर कोरडवाहू येते. ती त्याने खरोखर विकलीच. मोठा भाऊ त्यावरून अजून बोलत नाही.

मला प्रश्न पडतो तो असा. गेल्या डिसेंबरात, २०२५ मध्ये, विश्रांतीचे नवीन नियम लागू झाल्यावर इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण वैमानिक पुरेसे नव्हते. विमानतळांवर बॅगांचे ढीग तुम्ही टीव्हीवर पाहिलेत. त्याच वेळी देशात बंद पडलेल्या कंपन्यांचे असे किती वैमानिक दुकानात, शेतात, क्लासमध्ये बसून होते? २०१७ पासून आपल्याकडे कॅप्टनला नोकरी सोडायची तर एक वर्षाची नोटीस द्यावी लागते, सहवैमानिकाला सहा महिन्यांची. कारण काय, तर प्रवाशांची गैरसोय होऊ नये. मग कंपनी एका रात्रीत बसते तेव्हा त्याच माणसाचं लायसन्स जिवंत ठेवायची व्यवस्था का नाही? सिम्युलेटरचे काही तास, मेडिकलचा खर्च, व्याज कमी असलेलं एखादं कर्ज. बँकांचे हजारो कोटी अडकतात त्यापुढे हे काहीच नाही. साखर कारखाना बंद पडला की आपण मोर्चा काढतो. यांच्यासाठी मोर्चा निघणार नाही हे मलाही कळतं.

प्रशिक्षणाच्या जागेवरून त्याचा फोन आला होता. खोलीत सोबत चोवीस वर्षांचा मुलगा आहे. त्याने पहिल्या दिवशी यांना इन्स्ट्रक्टर समजून उभं राहून नमस्कार केला. कॅप्टन म्हणाला, "बस बाबा, मी तुझ्याच बॅचचा." आता दोघं रात्री एकमेकांचा अभ्यास घेतात. पोरगा आकडे भराभर पाठ करतो. यांना जुन्या विमानाचे आकडे आधी आठवतात, नवीन नंतर. पहिल्या सिम्युलेटरला हात आपोआप जुन्या जागेवरच्या बटणाकडे गेला. दुसऱ्यांदाही गेला. तिसऱ्यांदा नाही.

पासष्टला अठरा वर्षं बाकी आहेत. सगळं नीट झालं तर काही वर्षांत डावी खुर्ची, असं तो म्हणतो. दुकान सध्या त्याची बायको बघते. उधारीची वही तिच्याकडे आहे. खरिपाची ज्यांची राहिली आहे त्यांनी या महिन्यात जरूर मनावर घ्यावं, हे मी माझ्याच मनाने लिहितोय, त्याने सांगितलेलं नाही.