दोष तारेच्या टोकाशी

चाळीसगावच्या आमच्या कॉलेजात एकदा तपासणी-यंत्राचा काटा हलेना. दोन दिवस प्रात्यक्षिके बंद. यंत्र उघडले, भाग बदलले. दोष निघाला सात तारांच्या केबलच्या टोकाशी! आवरण सोलताना कुणीतरी आतले तांब्याचे तंतूही छाटले होते.

श्रोतेहो, हे दुखणे जुने आहे. 1839 साली डॉ. ओशॉनेसी यांनी कलकत्त्याला हुगळीतून तार नेली ती डांबर लावून, चिरलेल्या वेतात घालून. पुढे गटापर्चा हा झाडाचा चीक हाती आला. 1850 मध्ये डोव्हरहून फ्रान्सला नुसत्या चिकात गुंडाळलेली एकच तार टाकली, ती दिवसभरात मुकी झाली. दुसऱ्या वर्षी तिथेच चार तारांची केबल पडली: प्रत्येक तारेवर चीक, भोवती डांबरी दोर, वर लोखंडी तारांचे चिलखत. ती मात्र टिकली. तरी सांधा नाजूकच. तिथे चीक ऊन करून हातानेच बसवावा लागे. ओला हात लागला की काम फुकट!

आज चिकाऐवजी प्लॅस्टिक आले. आम्ही टोक पुन्हा सोलले, तंतू पिळून राळ लावून सोल्डर केले. (आम्ल लावू नये, ते तांबे खाते.) ओढ सोल्डरवर येऊ नये म्हणून बाहेरचे आवरण पट्टीने आवळले. मग रंग पाहून सातही तारा एकेक तपासल्या. काटा हलला.