ओसरीवरचा धूर

आदिलाबादच्या रानात उन्हाळ्यात तेंदूपाने तोडली जातात आणि त्यांच्यातच विडी वळली जाते. त्यामुळे तंबाखूविरोधी चळवळीचा इतिहास आम्ही तिऱ्हाइतासारखा पाहू शकत नाही. वाडवडिलांच्या ओसरीवरील विडीचा धूर माजघरात शिरे. त्याची दखल कोणी घेतली नाही.

ती दखल दूर जपानमध्ये घेतली गेली. सिगारेट ओढणाऱ्यांच्या, स्वतः न ओढणाऱ्या पत्नींनाही फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो, हे ताकेशी हिरायामा यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले. भारतात मुंबईच्या मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. २००३ मध्ये कायदा झाला. २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे कडक नियम लागू झाले. मात्र हा कायदा घराच्या उंबरठ्याशी थांबतो.

पुढचे काम समाजाचे. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या सीमेवरील प्राणहितेपलीकडे, गडचिरोलीत, २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियानाने दारू-तंबाखूविरुद्ध गावे संघटित केली. आमच्या घरांत तर सुरुवात एका वाक्याने होईल: ‘आजोबा, विडी घरात नको.’ ते बोलण्याचा भार एकट्या सुनेवर टाकू नये. ते आम्ही मुलांनीच बोलावे.